सांडूमावशीची बाटली

बालवाडीतल्या मावशीच्या हातून पाणी सांडतं, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. मुलांना ठाऊक होतं, त्यांच्या आईबापांना ठाऊक होतं, सकाळी दूध टाकून जाणाऱ्या माणसालासुद्धा ठाऊक होतं. तेवीस वर्षांच्या नोकरीत तिच्या बाटलीतलं पाणी तिच्या पोटात कमी आणि फरशीवरच जास्त गेलं असेल. पोरं तिला सांडूमावशी म्हणायची आणि तीही खुशाल 'ओ' द्यायची.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, मावशीला आणि तिच्या शिंपी नवऱ्याला. आता तुम्हाला सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा. मावशीच्या हातून पाणी कधी सांडतच नव्हतं. ती ते मुद्दाम सांडायची.

तीन-साडेतीन वर्षांचं पोर म्हणजे केवढंसं! खेळात रंगतं, नाहीतर आईच्या आठवणीनं हुंदका गिळून बसतं, आणि शू लागल्याचं सांगायचं राहून जातं. मग ते जागच्या जागी थिजतं. गुडघे एकमेकांना चिकटलेले, आणि डोळे वर्गभर भिरभिरणारे, कुणी पाहिलं का, कुणी पाहिलं का. ते डोळे मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची. काखेत बाटली घेऊन ती लगबगीनं निघायची, नेमकं त्या पोराशेजारी येऊन अडखळायची, आणि भसकन सगळं पाणी पोराच्या चड्डीवर, फरशीवर, स्वतःच्या ॲप्रनवर!

"अगंबाई, सांडलं की माझ्याकडून! भिजवलं ना मी तुला, राजा? माझं मेलीचं लक्षच नसतं. चल, कपडे बदलू."

वर्ग खो खो हसायचा, पण हसायचा तो मावशीला. ते पोरही हसायचं, आणि बोट धरून मागच्या खोलीत जायचं.

तिथे फळीवर तपकिरी चड्ड्यांची चळत असायची. शाळेच्या गणवेशाचंच कापड. नवऱ्याच्या दुकानात उरलेले तुकडे जोडून त्यानं शिवलेल्या. चड्डी बदलली हे कुणाच्या लक्षात येऊ नये एवढाच त्या रंगाचा उपयोग. ओली चड्डी मावशी आधी साबणानं खळबळून धुवायची, पिळायची, मग पिशवीत घालायची आणि सोबत चिठ्ठी लिहायची, "माझ्याकडून पाणी सांडलं. माफी असावी. मावशी." म्हणजे घरीही प्रश्न मिटला. आणि बाटली मोठ्या तोंडाचीच हवी हा तिचा हट्ट असायचा. निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून पाणी यायला वेळ लागतो, आणि पोराची अब्रू तेवढा वेळ थांबत नाही.

हे खूळ आलं कुठून? सांगते. मावशी स्वतः पहिलीत असताना बाईंच्या धाकानं एकदा वर्गात उभ्या उभ्या ओली झाली होती. एकदाच! पण वर्गानं नाव ठेवलं, गळकी. पुढच्या इयत्तेत गळकी, त्याच्या पुढच्या इयत्तेतही गळकीच. शाळा सुटली, गल्ली बदलली, वर्षं गेली, आणि लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीतून एक मिशीवाला पुढे आला आणि भर मांडवात नवऱ्यासमोर म्हणाला, "अरेच्चा, ही तर आमची गळकी!" नवरा भला माणूस, हसला नाही. पण मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस पोरांच्या डोक्यात राहिलेली गोष्ट एवढी वर्षं टिकते, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते ती कधी विसरली नाही.

तर असं सगळं सुखानं चाललं होतं. मग बालवाडीत ॲप आलं.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वभावानं चांगल्या. पण शेजारच्या बालवाडीत एखादी गोष्ट आली की ती आपल्याकडे नसली तर त्यांना घास गोड लागत नसे. शेजारी ॲप आलं, म्हणून आपल्याकडेही आलं. वर्गाच्या कोपऱ्यात छताजवळ एक काळा गोल कॅमेरा बसला. पालकांनी फोन उघडला की आपलं लेकरू काय करतंय ते दिसणार. शिवाय रोज प्रत्येक मुलाचा तक्ता भरायचा. डबा संपवला का, झोपलं का, रडलं का, रडलं तर किती मिनिटं. आणि सगळ्यात खाली एक रकाना होता, 'ओले की कोरडे'.

कॅमेरा बसवायला ॲपवाला आला, तेव्हा शिडी मावशीनंच धरली होती.

"काय हो, हे सगळं साठतं कुठे?" तिनं विचारलं.

"वर साठतं, मावशी."

मावशीनं वर छताकडे पाहिलं. "वर म्हणजे?"

"लांब. मोठमोठ्या यंत्रांत."

"आणि जातं कधी?"

"जातंय कशाला? राहतं की! ही पोरं मोठी झाली ना, तरी काढून बघता येईल. गंमत!"

मावशीला त्यात काडीची गंमत दिसली नाही. 

तक्ता भरायचं काम छोट्या बाईंकडे होतं. या वर्गशिक्षिका, वयानं मावशीच्या मुलीएवढ्या. जेवणाच्या सुट्टीत टॅबलेट घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, "मावशी, आज कुणी ओलं झालं का हो?"

"झालं की."

"कोण?"

"मी. हा बघा ॲप्रन."

छोट्या बाई हसायच्या आणि सगळ्यांच्या नावापुढे 'कोरडे' दाबून मोकळ्या व्हायच्या. दोन महिन्यांनी ॲपनंच बालवाडीला एक प्रमाणपत्र पाठवलं. सोनेरी चांदणी, आणि खाली 'शंभर टक्के कोरडा वर्ग'. मोठ्या बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी ते छापून घेतलं, चौकटीत घातलं आणि मागच्या खोलीच्या दाराशेजारी टांगलं. मावशी त्या चांदणीखालून ओल्या चड्ड्या घेऊन दिवसाआड तरी जायची, आणि दर शुक्रवारी चौकटीवरची धूळही पुसायची.

कॅमेऱ्यापुढे सांडताना मात्र ती आता कॅमेऱ्याकडे पाठ करायची. फोनच्या बोटभर चित्रात दिसायचं ते एवढंच. मावशी आली, अडखळली, पाणी उडालं.

आणि हे दिसायचं कुणाला? तर मीटरआजोबांना.

मीटरआजोबा म्हणजे गोटीचे आजोबा. गोटी ही त्याच वर्गातली. गोल डोळे, गोल गाल, गोल पोट, दुसरं काय नाव ठेवणार! आजोबांनी चाळीस वर्षं घरोघर पाण्याचे मीटर वाचले होते. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. शेजारच्या घरात नळ ठिबकला तर यांची झोप मोडायची. मुलगा आणि सून सकाळीच कामावर जात, गोटीला आजोबा बालवाडीत सोडत, आणि मग दुपारपर्यंत घरात हे एकटे. करायचं काय? फोन उघडायचा आणि गोटीकडे बघत बसायचं. त्यांना ते फार आवडायचं, खोटं कशाला बोला.

पण एके दिवशी पाणी उडालेलं दिसलं. दोन दिवसांनी पुन्हा. आणखी दोन दिवसांनी पुन्हा. आजोबांनी जुनी वही काढली आणि सवयीनं नोंद सुरू केली. मंगळवार, दहा वाजून वीस, अंदाजे पाऊण लिटर. गुरुवार, अकरा वाजून पाच, एक लिटर, मूल पूर्ण भिजलं. सतरा दिवसांत अकरा वेळा पाणी सांडलं होतं, आणि त्या अकरांपैकी चार वेळा ते गोटीच्या अंगावर सांडलं होतं! आजोबांचं डोकंच फिरलं. ही बाई एक तर आंधळी आहे, नाहीतर माझ्या नातीवर डूख धरून आहे, असं त्यांनी ठरवलं आणि वहीचं पान पालकांच्या ग्रुपवर टाकलं.

मग काय विचारता! उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणालं मावशीचं वय झालं, कुणी म्हणालं मुलं आजारी पडतील. एका हौशी बाबांनी तर अकराच्या अकरा प्रसंग कापून एकाला एक जोडले, प्रत्येक वेळी पाणी उडालं की ढुम् असा ढोलाचा आवाज घातला, आणि दिलं सोडून. संध्याकाळपर्यंत ते कुठे कुठे पोहोचलं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानंच फोन मावशीपुढे धरला. "मावशी, तुम्ही तर फेमस झालात!"

मावशीनं पाहिलं. ढुम्, ढुम्, ढुम्. स्वतःकडे तिनं पाहिलंच नाही. ती पोरांकडे बघत होती. सहा पोरं, सहाही चेहरे ओळखू येण्याइतके स्पष्ट. हौशी बाबांनी प्रसंग पाणी उडाल्यापासून कापले होते, म्हणून बरं. पण वर साठलेलं सगळं होतं. कुणी अर्धा मिनिट मागे जाऊन नीट बघितलं, तर फरशी आधी ओली होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मावशीच्या मनात पहिलं हेच आलं. नोकरीचा विचार तिच्या मनात त्याच्यानंतर आला.

मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर हात जोडून त्या म्हणाल्या, "मावशी, शनिवारी पालकसभा ठेवलीय. तुम्हाला काढा म्हणतायत. मला काहीतरी सांगा, म्हणजे मी त्यांना सांगेन. हात दुखतो का? दिसत नाही का?"

मावशी ॲप्रनच्या टोकानं टेबलाचा कोपरा पुसत राहिली.

"बरं. तोवर ही बाटली माझ्याकडे राहू दे."

ते दोन दिवस वाईट गेले. बाटलीवाचून मावशीला एक हात तुटल्यासारखं वाटत होतं, आणि नेमकं शुक्रवारी एक पोर थिजलं. मावशीनं धावत जाऊन फुलं ठेवलेला तांब्या उलटा केला, पाणी सांडलं आणि फुलंही सांडली. छोट्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

एक शब्द पुरेसा होता, बरं का. "आजोबा, तुमचीच नात." एवढं म्हटलं असतं की मिटलं. तो शब्द तिच्या जिभेवर आला नाही असं नाही. मावशी काही देवी नव्हती. दोन दिवस तो शब्द ती तोंडात घोळवत होती. गोटीच्या आईची कामाची जागा लांब गेली, ती पोर जागी व्हायच्या आधीच निघायला लागली, तेव्हापासून गोटीचं हे सुरू झालं होतं. आणखी महिना-दोन महिन्यांत आपोआप थांबलं असतं. सगळ्यांचंच थांबतं.

"सांगून टाक ना," रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला.

"आणि त्या पोरीचं काय? ते ग्रुपवर जाईल, ग्रुपवरून वर जाईल. मला एका मिशीवाल्यानं गाठलं, हिला किती मिशीवाले गाठतील?"

नवऱ्यानं तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. "मग झाकली मूठ झाकलीच ठेव," तो म्हणाला. "दुकानात दोघांपुरतं काम आहे. बटणांची काजं करायला ये."

मावशीला काजं करायला अजिबात आवडत नव्हतं. तेवीस वर्षं तिनं पोरांची नाकं पुसली होती, बुटांचे बंद बांधले होते, आणि दुसरं काही यावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. रडायलाच आलं तिला. पण तिनं ठरवलं. सभेत सांगायचं की माझे हात कापतात, आणि निघून यायचं. कुणी फार खोलात शिरायच्या आत.

शनिवारी सकाळी वर्गात सभा भरली. खुर्च्या पोरांच्याच होत्या, लाल-पिवळ्या, वीतभर उंचीच्या. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती, आणि तशा अवस्थेत कुणाला रागावणं फार अवघड जातं. तरी ती प्रयत्न करत होती. मुलं शेजारच्या खोलीत छोट्या बाईंकडे होती. टेबलावर पाण्याचे ग्लास, आणि मधोमध मावशीची निळी बाटली, चोरीचा माल ठेवावा तशी.

मीटरआजोबा वही उघडून उभे राहिले. "मी तोंडाला येईल ते बोलत नाही. माझ्याकडे नोंद आहे. फोनवर नीट दिसत नाही, म्हणून मी बाईंना सांगितलंय की मूळ चित्र काढा, अगदी पहिल्यापासून, आणि भिंतीवर मोठं करून दाखवा. सगळ्यांनी डोळ्यांनी बघा."

 मूळ चित्र! मावशी भिंतीपासून पुढे आली.

"नका लावू, बाई. मी कबूल करते. माझे हात कापतात. वय झालं. सोमवारपासून मी येत नाही."

खोलीत चुळबुळ झाली. कुणाला तरी वाईटही वाटलं. पण आजोबा कसले ऐकतात! अर्धवट नोंद त्यांनी जन्मात कधी केली नव्हती. "कबूल केलंत ते चांगलं केलंत. पण एकदा बघू तर द्या. बाई, लावा."

मोठ्या बाईंनी कळ दाबली.

भिंतीवर हाच वर्ग उगवला, आणि मधोमध गोटी, माणसाएवढी उंच. ठोकळ्यांचा मनोरा अर्धा झालेला. गोटी उठते, थांबते, गुडघे जुळवते. मग दुरून मावशी येताना दिसते.

"आली, आली!" हौशी बाबा खिदळले. "आता बघा हं, ढुम्!" चार-पाच जण हसले.

आजोबा हसले नाहीत. ते भिंतीकडे एक पाऊल पुढे सरकले होते. चाळीस वर्षं ज्या माणसानं कुठून पाणी गळतंय ते भिंतीवरच्या डागावरून ओळखलं, त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार! मावशीच्या हातातल्या बाटलीचं झाकण अजून लागलेलं होतं. आणि गोटीच्या पायाशी फरशी चमकत होती.

आजोबांचा चेहरा पाहून मावशीनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "आजोबा?"

गोटी दारात उभी होती. भिंतीपलीकडून आजोबांचा आवाज ऐकून ती छोट्या बाईंच्या हातून निसटली होती. ती आत आली, आजोबांपाशी पोहोचली, आणि मग तिनं भिंतीवर पाहिलं. तिथे तीच होती, केवढी मोठी, आणि सगळी माणसं तिच्याकडे बघून हसत होती. गोटी जागच्या जागी थिजली. गुडघे जुळले. डोळे भिरभिरले.

मावशीचा हात काखेत गेला. काख रिकामी होती. बाटली टेबलावर होती, आणि टेबल सहा खुर्च्यांपलीकडे.

आजोबांनी खाली पाहिलं. गोटीच्या बुटाशी नाण्याएवढं पाणी होतं, ते मोठं होत चाललं होतं. त्यांनी मावशीकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरचा भरलेला ग्लास उचलला, प्यायला तोंडाजवळ नेला, आणि सगळाच्या सगळा नातीच्या अंगावर आणि स्वतःच्या विजारीवर उलटा केला.

"अगागागा!" आजोबा ओरडले. "सांडलं की माझ्याकडून! भिजवलं ना मी तुला, गोटे? हात् माझ्या म्हातारपणा!"

सगळी सभा खो खो हसली. पाण्याच्या नावानं जगाला उपदेश करणाऱ्या मीटरआजोबांची विजार चिंब भिजली होती, मग हसणार नाही तर काय! गोटीनं आधी आजोबांकडे पाहिलं, मग त्यांच्या विजारीकडे, आणि मग तीही हसायला लागली. मावशी फडकं घेऊन धावली. गुडघ्यांवर बसून तिनं फरशी पुसली, आणि वर पाहिलं तर आजोबांचे डोळे भरलेले होते.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "हिला जरा कोरडं कराल का?"

"करते की," मावशी म्हणाली. "त्यासाठीच तर आहे मी."

ती गोटीला घेऊन मागच्या खोलीत गेली, त्यामुळे पुढचं सगळं तिनं चड्डीचं बटण लावता लावता दारातून ऐकलं.

"बाई, ते आधी बंद करा," आजोबा म्हणाले. भिंत पांढरी झाली. "माझी तक्रार मी मागे घेतो. वाचन चुकलं माझं."

"अहो पण अकरा वेळा..." हौशी बाबांनी तोंड उघडलं.

"चुकलं म्हटलं ना! पाणी काय, माणसाच्या हातून सांडायचंच. आता माझ्याकडून नाही का सांडलं?" आजोबा ओल्या विजारीनिशी तसेच उभे होते. "मी चाळीस वर्षं मीटर वाचले. मीटर कुठे असतो? घराबाहेर. आत पाणी किती गेलं तेवढं बघायचं आणि पुढच्या दाराला जायचं. आत कोण किती न्हातं ते बघायला मी कधी कुणाच्या न्हाणीघरात शिरलो नाही. आणि इथे आपण पोरांच्या न्हाणीघरातच मीटर लावून बसलोय. त्यांनी लाव म्हटलं होतं का? माझी नात परवा पडली, तर मी घरी बसून पाहिलं. काल रडली, तेही पाहिलं. घरी आली तेव्हा तिला सांगायला काही उरलंच नाही. आणि ते ढोलाचं कुणी केलंय? त्यात सहा लेकरांचे चेहरे आहेत. आत्ताच्या आत्ता पुसा. ज्यांना पाठवलंत त्यांनाही पुसायला सांगा."

हौशी बाबांनी फोन काढला आणि कान लाल करून पुसायला बसले. त्यांचंही पोर त्या सहांत होतं. दोन-तीन आया एकमेकींकडे बघत होत्या. त्यांपैकी एक एकदम म्हणाली, "तो ओलं-कोरडंचा रकाना तरी कशाला हवा? आमचं काही असेल तर मावशी सांगतील की आम्हाला कानात." मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. गोटीमागे धावत येऊन दारात थांबलेल्या छोट्या बाईंच्या मनात शुक्रवारच्या फुलांपासून काहीतरी घोळत होतं. आता त्या आजोबांच्या विजारीकडे पाहत होत्या, मग मागच्या खोलीच्या दाराकडे पाहत होत्या, आणि त्यांना सगळं कळलं.  त्या पुढे आल्या, टेबलावरची निळी बाटली घेतली, नळाखाली काठोकाठ भरली आणि मावशीला आणून दिली.

कॅमेरा सोमवारी निघाला आणि फाटकावर गेला, तोंड रस्त्याकडे करून. रकाना बंद झाला. आधीचं सगळं खोडून टाका म्हटल्यावर ॲपवाला म्हणाला, खोडता येत नाही, फक्त लपवता येतं. पण त्याला मीटरआजोबा ठाऊक नव्हते. आजोबांनी दर आठवड्याला एक पत्र धाडलं. नवव्या पत्राला उत्तर आलं की सर्व पुसलं आहे. आजोबांनी दहावं पत्र लिहिलं, की जी जादा प्रत जपून ठेवता तीही पुसलीत का? तेही पुसल्याचं लेखी आलं, तेव्हा कुठे म्हाताऱ्याला झोप लागली. चांदणीचं प्रमाणपत्र चौकटीतून निघालं. तिथे आता एका पोरानं काढलेला हिरवा मासा आहे. तो लावण्याआधी छोट्या बाईंनी त्या पोराला विचारलं होतं, लावू का म्हणून.

सकाळी फोन उघडून बसायचं बंद झालं, तसे आजोबा दुपारी अर्धा तास आधीच फाटकाशी येऊन बसायला लागले. गोटी बाहेर आली की सगळा दिवस सांगत सुटायची, आणि ते प्रत्येक गोष्टीला "हो? मग?" म्हणायचे. गोटीचं ते दोन महिन्यांत आपोआप थांबलं.

परीक्षा घ्यावी तसा एक दिवस आला. वर्गात एक नवीन मुलगी आली होती, दोन दिवसांची. मावशी त्या वेळी एकाचं नाक पुसत होती. मान वर केली तर ती नवीन पोरगी ठोकळ्यांपाशी थिजलेली, गुडघे जुळलेले, डोळे भिरभिरणारे. मावशीनं बाटली उचलली आणि निघाली. पण तिच्या आधी कुणीतरी पोहोचलं होतं.

गोटी. स्वतःची छोटी पिवळी बाटली दोन्ही हातांनी धरून ती त्या मुलीशेजारी जाऊन उभी राहिली, मुद्दाम अडखळली, आणि सगळं पाणी तिच्या फ्रॉकवर ओतलं.

"अगंबाई!" गोटी म्हणाली. "सांडलं की माझ्याकडून!"

वर्ग हसला. गोटीला हसला. नवीन मुलगी गोटीकडे बघत राहिली आणि मग तिच्या तोंडावर हसू आलं. मावशी मध्येच उभी होती, भरलेली बाटली हातात धरून. म्हणजे पोरीला पहिल्यापासून सगळं कळत होतं तर! मावशीला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

"गोटे, काय गं हा धांदरटपणा!" छोट्या बाई शक्य तितक्या रागावून म्हणाल्या, आणि फडकं आणायला वळल्या.

दुपारी फाटकाशी आजोबांनी नातीचं दप्तर घेतलं, पिवळी बाटली हलवून पाहिली. रिकामी होती. आजोबांच्या भुवया सवयीनं वर गेल्या.

"सांडली," गोटी म्हणाली.

आजोबांनी तिच्या डोक्यावरून मागे मावशीकडे पाहिलं. मावशी नवीन मुलीच्या आईला पिशवी देत होती, आत धुतलेला फ्रॉक आणि एक चिठ्ठी.

"बरं झालं," आजोबा म्हणाले. "उद्या मोठ्या तोंडाची घेऊ."